नाव घ्यायचं राहिलं

आक्का, परवा तुमचा दहावा झाला आणि मी आले नाही. ड्युटी आहे असं तुमच्या सूनबाईला फोनवर सांगितलं. ते खोटं होतं. रजा मंजूर झाली होती. सकाळी लवकर आवरून मी तुमच्या गावच्या, भूमच्या गाडीसाठी स्टँडवर गेलेही होते. गाडी लागली, माणसं चढली, कंडक्टरनं दोनदा विचारलं, "बाई, यायचंय का?" मी नाही म्हणाले आणि घरी परत आले. तुमच्या फोटोसमोर उभं राहून काय बोलायचं तेच मला ठरवता येईना.

म्हणून लिहायला बसले. कागदावर तरी तुम्ही मधेच "सुनंदे, तोंड जरा सैल सोड की गं" असं म्हणणार नाही. इतकी वर्षं ते वाक्य ऐकलं. तेव्हा राग यायचा. आता कुणी म्हणत नाही तर डबासुद्धा गोड लागत नाही.

मी आपल्या दवाखान्यात रुजू झाले तेव्हा तुम्ही बायकांच्या वॉर्डाच्या इन्चार्ज होता. मी नवी, पहिल्या वर्गात पास झालेली, पांढरीशुभ्र, इस्त्रीची. पहिल्याच दिवशी तुम्ही एका आजीची पट्टी बदलत होता. आजीचा हात कोपरापर्यंत भाजलेला, गॉज जखमेला चिकटून बसलेला. आजीनं डोळे गच्च मिटून घेतले होते. तुम्ही गॉजवर सलाईनचं पाणी सोडत सोडत सहज विचारलं, "आजी, मालकांचं नाव काय म्हणलात?"

आजीनं दुसऱ्या हातानं पदर तोंडाला लावला. आपल्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव सरळ घेत नाहीत, हे मलाही माहीत होतं. केसपेपर काढताना कितीदा अडून बसायचं. शेवटी शेजारची बाई नाव सांगायची.

"सरळ नका घिऊ मग. उखाण्यात घ्या. सगळा वॉर्ड ऐकतोय."

आजी लाजली. मग तिचे डोळे वर छताकडं गेले, ओठ हलायला लागले. लग्नातला उखाणा आठवायचा म्हणजे पन्नास वर्षं मागं जायचं होतं. ती गेली. पहिली ओळ आली, दुसरी आली, दम घेऊन मोठ्यानं नवऱ्याचं नाव आलं आणि त्याच क्षणी तुम्ही गॉज उचलला. आजी "आई गं" म्हणेपर्यंत सगळं झालं होतं.

"बघा, निम्मं दुखणं मालकाच्या नावावर टाकलं," तुम्ही म्हणालात. सगळा वॉर्ड हसला. आजीही हसली, डोळ्यांत पाणी होतं तरी. मी एकटी हसले नाही. ट्रे हातात धरून उभी राहिले आणि मनात म्हणाले, हा दवाखाना आहे का हळदीकुंकू.

हेच मी तुम्हाला दुपारी तोंडावर बोलले. मी मुळातच कारल्याच्या वेलाची. आपलं काम काय, वेळेवर गोळी, स्वच्छ हात, नीट नोंद. हसवणं कुठल्या पुस्तकात लिहिलंय? तुम्ही भाकरीवर ठेचा घेता घेता म्हणालात, "हात धुतेच की मी. गोळी बी देते. त्याच्यावर थोडं हसू दिलं तर तुझ्या पुस्तकाला काय डाग पडतोय?" मग तुमच्या डब्यातली शेंगाची चटणी माझ्या डब्याच्या झाकणात वाढलीत. आपलं भांडण तिथं सुरू झालं ते कधी संपलंच नाही. रोज एका डब्यात जेवायचं आणि रोज भांडायचं.

हळूहळू मला कळलं की तुम्ही काही तोंडाला येईल ते बोलत नव्हता. ढोकीकडून ऊसतोडीची बाई आली होती, कोयता पायावर बसलेला. ती टाके घालू देईना, थरथर कापत होती. तिला तुम्ही काहीच गमतीचं बोलला नाहीत, नुसता तिचा तळपाय हातात धरून बसलात. टाके झाले, तिनं चहा घेतला, मग म्हणालात, "पाय तुझा, पण कोयत्याची धार कुणी लावली होती, मालकानं? मग त्याला म्हणावं, लई चांगली लावलीस." ती खुदकन हसली. मी विचारलं, आधी का नाही बोललात? तुम्ही म्हणालात, "आधी डोळं बघायचं. भ्यालेल्याला हसवलं तर त्याला वाटतं, ही माझ्यावर हसतीया." दुसरा तुमचा नियम, पेशंटवर कधी हसायचं नाही, हसायचं तर स्वतःवर नाहीतर डॉक्टरवर. आणि तिसरा तुम्ही इतक्या वेळा सांगितला होता की मला पाठ होता. रिपोर्ट बुक वाचल्याशिवाय पेशंटसमोर तोंड उघडायचं नाही. नाव घ्यायला लावायच्या आधी तर नाहीच नाही.

पाठ होता, आक्का. पाठ असणं आणि करणं यांत किती अंतर असतं ते तुम्हाला माहीत होतं.

नऊ वर्षांपूर्वीचा तो दिवस. आपण दोघी त्याबद्दल एकदाही बोललो नाही, म्हणून आज मीच सांगते. माझी गाडी उशिरा आली होती. तुमची ड्युटी संपत होती आणि माझी सुरू झाली होती. मी धावत आले, हात धुतले, रिपोर्ट बुक टेबलावर उघडं होतं त्याच्याकडं बघितलं नाही आणि सरळ चार नंबरच्या कॉटकडं गेले. पस्तिशीची बाई, मोटारसायकलवरून पडलेली. डोक्याची पट्टी भुवयांपर्यंत आलेली, त्यामुळं कपाळ दिसतच नव्हतं. हातात बांगड्या नव्हत्या, पण अपघातातल्या पेशंटच्या बांगड्या आपणच काढतो. मला वेगळं काही वाटलं नाही.

कोपराची जखम साफ करायची होती. ती हात मागं मागं घेत होती. त्या दिवशी मला काय सुचलं कोण जाणे. तुमच्याशी आठ वर्षं भांडून भांडून माझ्यातही तुमचं थोडं उतरलं होतं. तुम्ही दारात उभ्या होता, पिशवी खांद्याला लावून. तुम्हाला दाखवावं असंही वाटलं असेल. मी म्हणाले, "अहो, नाव घ्या की मालकांचं. म्हणजे दुखणार नाही."

  ती बाई माझ्याकडं बघत राहिली. शेजारच्या कॉटवरच्या म्हातारीनं तोंड फिरवून घेतलं. त्या बाईचा नवरा त्याच मोटारसायकलवर होता. तो जागच्या जागी गेला होता. दोनच दिवस झाले होते. तिला माहीत होतं, सगळ्या वॉर्डाला माहीत होतं. एकट्या मला माहीत नव्हतं.

तुम्ही पिशवी खाली ठेवली. आलात, माझ्या हातातून चिमटा काढून घेतला, तिच्या कॉटवर बसलात आणि तिचा हात मांडीवर घेतला. तिला म्हणालात, "तुला न्हाय गं ती म्हणली. मला म्हणली. माझा नंबर राहिला होता." मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तुम्ही नाव घेतलंत.

"माणूस गेलं दूरच्या गावा, कोपऱ्यात राहिली काठी,
माणिकरावांचं नाव घेते या माझ्या लेकीसाठी."

तुमच्या कपाळावर कुंकू नव्हतं. माणिकराव जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. विधवेनं उखाणा घ्यायचा नसतो हे तुम्हाला कुणी सांगायला नको होतं. ती बाई तुमच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. दोन दिवसांत ती पहिल्यांदा रडली असं तिची जाऊ नंतर म्हणाली. तुम्ही एका हातानं तिला थोपटत दुसऱ्या हातानं जखम साफ केलीत. तिला कळलंही नाही.

आणि मी काय केलं? बाहेर व्हरांड्यात तुम्हाला गाठलं आणि सगळ्यांसमोर ओरडले. तुमच्या ह्या तमाशापायी हे झालं म्हणाले. दवाखान्याचा बाजार मांडलाय म्हणाले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. तुम्ही ऐकून घेतलंत. तेवढ्यात डॉक्टर आले, काय झालं म्हणून विचारलं, आणि तुम्ही म्हणालात, "माझी चूक हाय साहेब. सिस्टरला सांगायचं राहिलं माझ्याकडून."

तुम्ही गेल्यावर मी टेबलापाशी आले. रिपोर्ट बुक उघडंच होतं. तुमच्या गोल गोल अक्षरात, लाल शाईनं, खाली दोन रेघा मारून लिहिलेलं होतं. कॉट नंबर चार, पती मयत, नाव विचारू नये.

आक्का, मी ते वाचलं. त्याच दिवशी वाचलं. तुम्ही सांगायला विसरला नव्हता, मी वाचायला विसरले होते. हे तुम्हाला माहीत होतं आणि मला माहीत आहे हेही तुम्हाला माहीत होतं. नऊ वर्षं तुम्ही ते पोटात ठेवलंत. एकदा जरी "सुनंदे, वाचलं नव्हतंस ना" म्हणाला असता तर मी पाय धरले असते. पण तुम्ही म्हणाला नाहीत आणि मी मूग गिळून बसले.

दुसऱ्या दिवशी तुमची दुपारची ड्युटी होती. चादरी आणायला म्हणून मी स्टोअरमध्ये गेले. तुम्ही आत स्टुलावर बसून चादरीची घडी घालत होता. घातलेली घडी मोडत होता, पुन्हा घालत होता. डोळे लाल होते. बाहेर मावश्या कुजबुजत होत्या, ऐकलंत का, विधवा बाईनं भरल्या वॉर्डात नाव घेतलं म्हणे. गावात ते पंधरा दिवस चाललं. तुमच्या सासूबाईंनी तुमच्याशी बोलणं टाकलं, असं कुणीतरी सांगितलं. मी दाराशी क्षणभर थांबले. आत येऊन नुसती शेजारी बसले असते तरी चाललं असतं. मी चादरी न घेताच परत गेले.

त्यानंतर मी वॉर्डात एक शब्द जास्तीचा बोलले नाही. माझी नोंद चोख, माझी वेळ चोख. वरून तपासणीला आलेले साहेब माझ्या रजिस्टरचं कौतुक करायचे. रिपोर्ट बुक मी तीन-तीनदा वाचायचे. डबा मात्र वेगळा खायला लागले, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. तुम्ही चार दिवस शेंगाची चटणी झाकणात घालून माझ्याकडं सरकवलीत. पाचव्या दिवशी सरकवली नाहीत. त्या झाकणाकडं बघून मला तेव्हा काय वाटलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तुम्ही मात्र थांबला नाहीत. तुमच्या निवृत्तीच्या दिवसापर्यंत बायका नाव घेत राहिल्या आणि तुम्ही गॉज उचलत राहिलात. निरोपाच्या वेळी सगळ्या बोलल्या. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "आक्कांकडून पुष्कळ शिकायला मिळालं." एवढंच. तुम्ही हसून मान डोलावलीत. तुमचं हसू मला त्या दिवशी सोसवलं नाही.

आणि दोन वर्षांनी तुम्ही परत आलात ते स्ट्रेचरवर. मोठ्या दवाखान्यात पोट उघडून पुन्हा शिवलं होतं, आता घरी न्या म्हणाले होते. तुम्ही मुलाला सांगितलंत, घरी नको, मला माझ्या वॉर्डात ने. त्याला वाटलं, आईला सवय आहे म्हणून. तुम्हाला चार नंबरची कॉट मिळाली. मी दिली नाही आक्का, तीच रिकामी होती. 

तुम्ही वॉर्डात आलात आणि वॉर्ड तुमच्याभोवती गोळा झाला. सलाईनच्या स्टँडकडं बोट दाखवून तुम्ही सगळ्यांना सांगायचा, "ह्यो माझा नवा मालक. जिथं जाईल तिथं मागं मागं येतो. पहिल्यानं एवढं कधी ऐकलं न्हाय." बायका हसायच्या. मी सुई बदलत असायचे. तुमच्या शिरा सापडत नव्हत्या. हाताची नुसती हाडं राहिली होती. एकदा तीन वेळा टोचलं तरी मिळाली नाही. माझ्या कपाळावर घाम आला.

"सुनंदे, नाव घे की गं."

"हात हलवू नका आक्का."

"माझा हात हलत न्हाय, तुझा हलतोय. नाव घेतलंस म्हणजे थांबंल."

चौथ्यांदा शीर मिळाली. मी चिकटपट्टी लावली आणि ट्रे उचलला. तुम्ही रोज म्हणत राहिलात. गोळी देताना, कूस बदलताना, अंग पुसताना. आधी मला वाटलं, जुनी खोड. मग माझ्या लक्षात आलं की तुम्ही मला वाट करून देत होता. नाव घेतलं असतं, आपण दोघी हसलो असतो, आणि हसता हसता मला ते सांगता आलं असतं. माफी मागायची माझी हिंमत नाही हे तुम्ही ओळखलं होतं, म्हणून तुम्ही माझ्यासाठी सोपी वाट शोधलीत. स्वतःच्या शेवटच्या दिवसांत, पोटात एवढी आग असताना.

शेवटच्या संध्याकाळी माझी ड्युटी संपत आली होती. तुमचा आवाज बारीक झाला होता. मी तुमचे ओठ ओल्या कापसानं पुसत होते.

"आज तरी घे."

माझ्या तोंडापर्यंत आलं होतं आक्का. खरंच आलं होतं. पण शेजारी तुमची सूनबाई होती, समोर पेशंट होते, मला लाज वाटली. मी म्हणाले, "उद्या घेते."

"उद्या ड्युटी कुणाची हाय?"

"माझीच. सकाळची."

"मग चालतंय," तुम्ही म्हणालात आणि डोळे मिटलेत.

सकाळी मी दारातून आत आले तेव्हा सूनबाई भिंतीला टेकून बसली होती. अर्धा तास झाला होता. मी तुमची सुई काढली. त्या जागेवर कापूस दाबून धरला, रक्त येणार नाही हे माहीत असूनही. तुमचं अंग पुसलं, केस विंचरले, साडी नेसवली. हे सगळं मी नीट केलं, तुम्ही शिकवलं होतं तसं. नाव मात्र घेतलं नाही. रिपोर्ट बुकमध्ये नोंद करायला बसले तर पेन चालेना. शेवटी दुसऱ्या सिस्टरनं लिहिलं.

काल तामलवाडीची एक म्हातारी आली. चुलीवरचं आधण पायावर सांडलेलं, वरची पट्टी चिकटलेली. मी केसपेपर वाचला, रिपोर्ट बुक वाचलं. मालक चार वर्षांपूर्वी वारले होते. मी गप्प बसून पट्टी भिजवायला लागले. म्हातारी पाय आखडून घेत होती. तिचा हात कॉटच्या कडेला पांढरा पडला होता. मी डोळे बघितले. भ्यालेले नव्हते, नुसते थकलेले होते. मग मी तिच्या कानाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "आजी, आमच्या एक आक्का होत्या. त्या म्हणायच्या, मालकांचं नाव घेतलं की निम्मं दुखणं त्यांच्या नावावर जातं. पण तुमची मर्जी असली तर. नसली तर नको."

म्हातारीनं आखडलेला पाय सैल सोडला. "मालक गेल्यापास्नं कुणी नाव घ्या म्हणलंच न्हाय," ती म्हणाली. "घिऊ का? चालंल?"

"चालंल."

तिनं पदर सारखा केला आणि खणखणीत आवाजात घेतलं.

"माळावरची शेरडं सांज झाली की घरी,
निवृत्तीरावांचं नाव घेते, घोरायचे लई भारी."

वॉर्ड हसला. म्हातारी इतकी हसली की तिचे दोनच दात दिसले. वरचा थर निघाला होता, पण आतला गॉज अजून राहिला होता आणि दुखणारा तोच होता. म्हातारीनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "आता तुमी घ्या सिस्टर. म्या एकटीनंच का म्हणून?"

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मावशी दारात झाडू धरून थांबली. सतरा वर्षांत मला कुणी नाव घेताना बघितलं नव्हतं. चार नंबरच्या कॉटवर दुसरी बाई होती, तिनंही उशीवरून मान उचलली. माझा आवाज फाटका निघाला, पण निघाला.

"उद्या घेते म्हणाले, त्या उद्याचा झाला काल,
आक्कांचं नाव घेते, एवढं माफ कराल."

 मग म्हातारी म्हणाली, "ह्यो कसला उखाणा? मालकाचं नाव तर आलंच न्हाय." आणि पुन्हा सगळ्या हसल्या. मीही हसले, आक्का. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हातमोजे घातलेले, पुसताही येईना. हात मात्र हलत नव्हता. मी गॉज उचलला आणि म्हातारीला ते कळलं नाही.